परवान्याबाहेरचे संगीत

साम्यवादी राजवटींत रॉक संगीताला सरसकट बंदी होती, असा जो समज आपल्याकडील सुशिक्षित वर्गातही आढळतो तो वस्तुस्थितीस धरून नाही. आणि तो दूर सारल्यावाचून पूर्व युरोपातील भूमिगत संगीताचा व तेथील कलावंतांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न उलगडणे कठीण आहे. १९७० नंतरच्या दशकात प्राग, पूर्व बर्लिन, वॉर्सा, बुडापेस्ट या सर्व राजधान्यांत विजेच्या गिटारी वाजत होत्या, सरकारी कंपन्या त्यांच्या तबकड्या काढीत होत्या, सरकारी नभोवाणीवरून त्या ऐकविल्या जात होत्या, आणि राजमान्य वादकांना बंधुराष्ट्रांचे दौरेही घडत होते. वाद वाजवावे की वाजवू नये याचा नव्हता. कोणाच्या मंजुरीने, कोणत्या नावाने, कोणत्या भाषेत आणि कोणत्या वेशात वाजवावे याचा होता. म्हणून या विषयात प्रथम गाण्याकडे नव्हे, तर गाण्याच्या परवान्याकडे लक्ष पुरविले पाहिजे.

ज्या राज्यात सभागृहे सरकारची, छापखाने सरकारचे, तबकड्या काढणारी कंपनी सरकारची, नभोवाणी सरकारची आणि भिंतीवर जाहिरातीचा कागद डकविण्याचा अधिकारही सरकारचाच, त्या राज्यात एखाद्याचे तोंड बंद करावयाचे झाल्यास मनाईहुकूम काढण्याची जरूर पडत नाही. अर्जावर मंजुरीचा शेरा न मारला की काम भागते. चेकोस्लोव्हाकियात वादकांचे व्यावसायिक आणि हौशी असे दोन वर्ग असत. व्यावसायिकाला सरकारी कार्यक्रम-संस्थेशी करार करावा लागे, आणि त्यासाठी परीक्षकमंडळापुढे वाजवून दाखवून संगीतशास्त्राच्या जोडीला राजकीय ज्ञानाचीही परीक्षा द्यावी लागे. हौशी वृंदाला एखादा कारखाना, युवकसंघटना किंवा सांस्कृतिक केंद्र यांचे पालकत्व मिळवावे लागे, आणि असे पालकत्व नसेल तर चार लोकांपुढे जाहीरपणे तार छेडणेदेखील बेकायदा ठरे. इंग्रजी नावे बदलण्याची सक्ती झाली; 'ब्लू इफेक्ट' या नामांकित वृंदाला त्याच अर्थाचे चेक नाव धारण करावे लागले. पूर्व जर्मनीत वृंदांची प्रतवारी ठरविणारी मंडळे होती, आणि १९५८ पासून असा दंडक होता की कोणत्याही कार्यक्रमातील शेकडा ६० भाग समाजवादी देशांतील रचनांचा असावा व पाश्चात्त्य रचना शेकडा ४० हून अधिक असू नयेत. या सर्व व्यवस्थेच्या पाठीशी आणखी एक कायदा उभा असे, तो म्हणजे बिनकामाने राहणे हा गुन्हा ठरविणारा. परवाना हरपलेल्या वादकाला वादक म्हणून जगण्याचा हक्कच उरत नसे; त्याने भट्टीवर कोळसा घालावा, रात्रपाळीचा पहारा करावा, आणि आपल्या ओळखपुस्तकात कुठल्या तरी कचेरीचा शिक्का मिळवावा.

या पार्श्वभूमीवर चेकोस्लोव्हाकियातील 'प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' या वृंदाची कथा पाहिली म्हणजे तिचे खरे स्वारस्य लक्षात येते. अलेक्झांडर दुबचेक यांच्या उदार कारकिर्दीचा 'प्रागचा वसंत' २० ऑगस्ट १९६८ च्या रात्री वॉर्सा करारातील फौजांच्या रणगाड्यांखाली संपला, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत मिलान ह्लावसा या अवघ्या १७ वर्षांच्या तरुणाने आपल्या सोबत्यांसह हा वृंद उभारला. नाव घेतले ते अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपा यांच्या एका गाण्यावरून. आदर्श होते न्यूयॉर्कचे 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' आणि 'द फग्ज'. फौजा आल्या त्या दिवशीच सारे मावळले असे मात्र झाले नाही. जुन्या व्यवस्थेचे दोर पुन्हा आवळले जाईपर्यंत काही अवधी गेला, आणि त्या अवधीत या तरुणांना व्यावसायिक दर्जाही मिळाला. एप्रिल १९६९ मध्ये साम्यवादी पक्षाची सूत्रे गुस्ताव हुसाक यांच्या हाती आली, 'सामान्यीकरण' या नावाने ओळखली जाणारी पाळत, छाटणी आणि कबुलीजबाबांची राजवट सुरू झाली, काही लाख सभासद पक्षातून काढले गेले, लेखक व प्राध्यापक बॉयलरघरांत आणि खिडक्या पुसण्याच्या कामावर रुजू झाले. आणि १९७० मध्ये प्लॅस्टिक पीपलचा परवाना गेला. परवान्याबरोबर सरकारी वाद्ये गेली, सरावाची जागा गेली. दुसरे अनेक वृंद याच सुमारास केस कापून, नावे बदलून, परीक्षा देऊन पुन्हा रांगेत उभे राहिले; यांनी जंगलात मजुरी करून पैसे साठविले आणि जुन्या सुट्या भागांतून ध्वनिवर्धक जुळविले.

येथे इव्हान मार्टिन यिरोउस यांचा प्रवेश होतो, आणि या सबंध चळवळीचा विचार ज्या एका माणसाच्या डोक्यातून निघाला तो माणूस हाच. यिरोउस हे कलेतिहासाचे अभ्यासक. मित्रमंडळीत ते 'मागोर', म्हणजे वेडा, या नावाने ओळखले जात. कलावंतांच्या संघाचे सभासद या नात्याने त्यांना सभागृह भाड्याने घेऊन व्याख्यान देण्याचा अधिकार होता. या अधिकाराचा त्यांनी जो उपयोग केला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. व्याख्यानाचा विषय जाहीर होई अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल. यिरोउस काही काळ पारदर्शिका दाखवून बोलत, आणि मग वॉरहॉल यांच्या आश्रयाखालील 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड'चे संगीत कसे असते याचे 'उदाहरण' म्हणून प्लॅस्टिक पीपल तासन् तास वाजवीत. कागदोपत्री ते व्याख्यान, प्रत्यक्षात ती मैफल. पॉल विल्सन हा कॅनडाचा तरुण त्या वेळी प्रागमध्ये इंग्रजी शिकवीत असे. इंग्रजी गीतांचे उच्चार नीट व्हावेत म्हणून त्याला गायक म्हणून घेतले गेले, आणि १९७२ पर्यंत तो वृंदात होता. ती वाटही पुढे बंद झाली, आणि राजधानीत वाजविणे अशक्य झाल्यावर हे लोक खेड्यांकडे वळले.

खेड्यांतील या मैफलींचे तंत्र असे होते. विवाहसमारंभ ही खाजगी बाब असल्यामुळे त्यात गाणेबजावणे झाले तर त्यास परवाना लागत नसे. तेव्हा मित्रांपैकी कोणाचे लग्न निघाले की तीच मैफलीची तिथी ठरे. छापील निमंत्रण नाही, जाहिरात नाही. तारीख आणि रेल्वेचे स्थानक एवढेच तोंडोतोंडी कळविले जाई, पुष्कळदा अगदी आदल्या दिवशी. प्रागहून, प्लझेनहून, उत्तर बोहेमियातील खाणींच्या गावांतून तरुण मंडळी आडवळणाच्या स्थानकावर उतरत, शेतांतून आणि हिवाळ्यात बर्फातून मैलोन् मैल चालत एखाद्या खानावळीच्या दालनात किंवा धान्याच्या कोठारात पोचत, आणि तेथे कार्यक्रम होईल की पोलीस येतील हे शेवटच्या क्षणापर्यंत कोणालाच ठाऊक नसे. पोस्तुपित्से येथे सप्टेंबर १९७४ मध्ये आणि बोयानोव्हित्से येथे २१ फेब्रुवारी १९७६ रोजी जे दोन मोठे मेळावे झाले, त्यांतील दुसरा यिरोउस यांच्या स्वतःच्या विवाहाचाच होता.

अशा मैफलींची किंमत काय पडत असे याचे एक उदाहरण ३० मार्च १९७४ चे आहे. दक्षिण बोहेमियात चेस्के बुद्येयोव्हित्से शहराजवळ रुडॉल्फोव्ह नावाचे गाव आहे. तेथे जमलेल्या शेकडो तरुणांना प्लॅस्टिक पीपलचे वादन सुरू होण्यापूर्वीच पोलिसांनी हुसकून काढले, स्थानकाच्या भुयारी वाटेत दोन्ही बाजूंनी दंडुके चालवीत त्यांना पुढे रेटले आणि गाडीत कोंबून प्रागला परत धाडले. नावे टिपली गेली, विद्यार्थ्यांची शाळा-महाविद्यालयांतून हकालपट्टी झाली. सरकारविरुद्ध एक घोषणाही दिली गेलेली नव्हती, एक पत्रकही वाटले गेलेले नव्हते. केवळ विनापरवाना एकत्र येऊन ऐकण्याची इच्छा एवढाच त्या मुलांचा अपराध होता.

आता या संगीताविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या विषयावरील बहुतेक लेखन खटल्याविषयी भरभरून बोलते आणि संगीताशी येताच घाईने पुढे सरकते. १९७२-७३ च्या सुमारास व्रातिस्लाव ब्राबेनेत्स हे सॅक्सोफोनवादक वृंदात आले, आणि परक्यांची गाणी वाजविणे सोडून स्वतःचे वाजवावयाचे असेल तरच मी येईन, अशी अट त्यांनी घातली असे सांगतात. त्याच सुमारास एगोन बाँदी या टोपणनावाने लिहिणाऱ्या कवीच्या चेक कवितांना ह्लावसा यांनी चाली लावल्या. या कविता आखूड, कोरड्या, बिअरच्या गुत्त्यातील बोलण्यासारख्या. त्यांत मलावरोधापासून कंटाळ्यापर्यंत देहाचे सर्व भोग येतात, पण पक्षाचे किंवा सरकारचे नाव क्वचितच. त्यांना दिलेले संगीत गोड नाही. खालच्या पट्टीतील एकच वाक्य ह्लावसा यांचे बास-गिटार हट्टाने पुन्हा पुन्हा घोळवीत राहते, यिरी काबेश यांचा व्हायोला त्यावर करकर ओरखडे काढतो, ब्राबेनेत्स यांचा सॅक्सोफोन मध्येच हंबरडा फोडल्यासारखा उसळतो, आणि गायन गायनापेक्षा पठणाच्या जवळ जाते. १९७४-७५ मध्ये हौस्का नावाच्या किल्ल्यात हे संगीत ध्वनिमुद्रित झाले, त्याची फीत देशाबाहेर गेली, आणि १९७८ मध्ये फ्रान्समध्ये तिची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यातील वादकांपैकी काहींच्या नावावर तुरुंगवास जमा झालेला होता.

फेब्रुवारी १९७५ मध्ये यिरोउस यांनी 'तिसऱ्या चेक संगीत-पुनरुज्जीवनाचा वृत्तांत' या नावाचा एक निबंध लिहिला, जो टंकलिखित प्रतींतून हातोहात फिरला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की राजमान्य संस्कृती ही एक संस्कृती. तिच्याशी लढून तिला पाडणे हे आपले काम नव्हे, आणि तिच्यात शिरून तिला आतून सुधारणे हेही नव्हे. आपण तिच्याकडे पाठ फिरवून, तिच्या मान्यतेची, तिच्या मानधनाची आणि तिच्या कौतुकाची अपेक्षा सोडून, आपली 'दुसरी संस्कृती' शेजारी उभी करावी. प्रस्तुत लेखकास हा विचार या सबंध प्रकरणाचा गाभा वाटतो. ज्या सत्तेचे सारे बळ परवाना देण्या-नाकारण्यात आहे, तिच्याशी वाद घालणारा तिच्या चौकटीतच राहतो. परंतु जो परवाना मागणेच सोडतो त्याला नाकारावयाचे काय, हा प्रश्न त्या सत्तेपुढे उभा राहतो, आणि त्याला तिच्यापाशी पोलिसांखेरीज दुसरे उत्तर नसते.

पोलिसांनी मार्च १९७६ मध्ये धरपकड सुरू केली. वीसहून अधिक लोक ताब्यात घेतले गेले, शेकडोंच्या जबान्या झाल्या, फिती आणि वाद्ये जप्त झाली. उन्हाळ्यात प्लझेन येथे तिघांवर एक खटला झाला; मुख्य खटला प्रागमध्ये सप्टेंबरात चालला. आरोप राजद्रोहाचा नव्हता. तो ठेवला असता तर जगाचे लक्ष गेले असते, शिवाय मानवी हक्कांचे ज्यात आश्वासन होते त्या १९७५ च्या हेलसिंकी कराराची शाई अजून ओली होती. आरोप ठेवला सार्वजनिक शांतताभंगाचा, म्हणजे गुंडगिरीचा, आणि पुरावा म्हणून गीतांतील अश्लील शब्द मांडले गेले. यिरोउस यांना १८ महिने, 'डीजी ३०७' या वृंदाचे पावेल झायीचेक यांना १२ महिने, ब्राबेनेत्स यांना आणि ज्यांचा प्रवचनाचा सरकारी परवाना आधीच काढून घेतला होता त्या स्वातोप्लुक कारासेक या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांना प्रत्येकी ८ महिने, अशा शिक्षा झाल्या.

नाटककार व्हाक्लाव हावेल यांची आणि यिरोउस यांची भेट या धरपकडीच्या थोडीच आधी झाली होती. तोवर या लांबकेशी मंडळींविषयी हावेल यांच्या कानावर जे आले होते ते फारसे चांगले नव्हते. फितीवरचे संगीत ऐकल्यावर आणि रात्रभर बोलणे झाल्यावर त्यांचे मत पालटले. ज्या मैफलीला येण्याचे त्यांनी कबूल केले ती होण्यापूर्वीच यिरोउस गजाआड गेले. पुढे जे घडले त्याचे श्रेय पुष्कळसे हावेल यांना आहे. जुन्या राजकीय विरोधकांना हे पटविणे सोपे नव्हते की काही दारू पिणाऱ्या, शिवराळ गाणी म्हणणाऱ्या तरुणांसाठी आपण आपले नाव पणाला लावावे. तरीही कवी यारोस्लाव साइफर्ट, तत्त्वज्ञ यान पातोचका आणि इतर लेखकांनी पश्चिम जर्मन कादंबरीकार हाइन्रिश ब्योल यांना अनावृत पत्र लिहून पाठिंबा मागितला, आणि खटल्याच्या दिवसांत न्यायालयाच्या मार्गिकेत वृद्ध प्राध्यापक, पक्षातून काढलेले जुने साम्यवादी, कॅथलिक श्रद्धावंत आणि केस वाढविलेली पोरे एकमेकांशेजारी उभी राहिली. हावेल यांनी या खटल्यावर लिहिलेल्या निबंधात आणि पुढे १९७८ मधील 'सत्ताहीनांची सत्ता' या प्रबंधात जे प्रतिपादले त्याचा आशय असा, की राजकीय विरोधकावर जेव्हा घाव पडतो तेव्हा तो निदान त्या खेळातील गडी तरी असतो; येथे मात्र घाव पडला तो केवळ आपल्या मनाप्रमाणे जगू पाहणाऱ्यांवर, आणि तो सहन केला तर उद्या कोणावरही पडू शकेल.

त्या मार्गिकेतील ओळखींतूनच 'सनद ७७' जन्मास आली. जानेवारी १९७७ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यावर दोनशेहून अधिक सह्या होत्या. ती काही जाहीरनामा नव्हती. सरकारने स्वतः मान्य करून आपल्या कायदेसंग्रहात छापलेले मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय करार सरकारनेच पाळावेत, एवढीच तिची मागणी. सरकारने उत्तर दिले ते असे: सनदेच्या प्रवक्त्यांपैकी पातोचका यांना प्रदीर्घ जबान्यांना सामोरे जावे लागले आणि १३ मार्च १९७७ रोजी त्यांचे निधन झाले; त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी स्मशानावर पोलिसांचे हेलिकॉप्टर घिरट्या घालीत होते आणि जवळच मोटारसायकली घोंगावत ठेवल्या होत्या, जेणेकरून उपदेशकाचे शब्द लोकांच्या कानी पडू नयेत. त्यापूर्वी २८ जानेवारीस प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात देशातील नामवंत नट, गायक, संगीतकार यांना बोलावून सनदेच्या निषेधपत्रावर त्यांच्या सह्या घेण्यात आल्या होत्या. आठवड्याने लोकप्रिय संगीतातील कलावंतांची तशीच सभा झाली. ज्या मजकुराचा निषेध केला तो त्यांतील बहुतेकांनी वाचलेलाही नव्हता, कारण तो देशात कोठे छापलेलाच नव्हता. या सह्या करणाऱ्यांवर कठोर होणे आज सोपे आहे. परंतु ज्याचे घर, मुलांचे शिक्षण आणि रंगमंचावरील पाऊल हे सारे एका सहीवर अवलंबून आहे, त्याच्या असहायतेचा विचार न करता दिलेला निवाडा न्याय्य होणार नाही. आणि त्याच वेळी हेही विसरता कामा नये की, तुरुंगात गेलेल्यांनाही घरे होती, मुले होती.

येथपर्यंतची कथा पुष्कळांना ठाऊक आहे. अभ्यासकांत मतभेद आहे तो पुढील प्रश्नावर: हे संगीत राजकीय होते काय? ह्लावसा स्वतः शेवटपर्यंत सांगत राहिले की, आम्हांला केवळ वाजवावयाचे होते. एक पक्ष म्हणतो की सत्तेनेच त्यांना राजकीय केले. दुसरा पक्ष असा आक्षेप घेतो की सनदेच्या नेत्यांनी या तरुणांच्या दुःखाचा उपयोग केला, आणि नंतर त्याची झळ मात्र त्या तरुणांनाच अधिक लागली. या आक्षेपात तथ्य आहे. जगाला माहीत असलेल्या नाटककाराला तुरुंगात टाकले तर परदेशी वृत्तपत्रे ओरडत. खाणीच्या गावातील विशीच्या फिटरला टाकले तर त्याच्या आईखेरीज कोणास कळत नसे. 'निर्मूलन' या अर्थाच्या सांकेतिक नावाने गुप्त पोलिसांनी मोहीम चालवून, धमक्या, मारहाण आणि रात्री-अपरात्रीच्या चौकश्या यांच्या साहाय्याने पुष्कळांना देश सोडावयास लावले. विल्सन १९७७ मध्ये हद्दपार झाले, कारासेक १९८० मध्ये स्वित्झर्लंडला गेले, ब्राबेनेत्स १९८२ मध्ये कॅनडाला. यिरोउस गेले नाहीत. त्यांनी एकूण सुमारे साडेआठ वर्षे तुरुंगात काढली आणि तेथेच आपल्या उत्कृष्ट कविता लिहिल्या. माझ्या मते वाद मुळातच चुकीच्या जागी उभा आहे. गीताच्या आशयात राजकारण शोधणारे ते तेथे न सापडल्याने गोंधळतात. राजकारण होते ते परवाना न मागण्यात, आणि ते गाणाऱ्याच्या मनात असो वा नसो, सत्तेला ते अचूक कळले होते.

इतर देशांकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. सोव्हिएत युनियनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर रुग्णालयांनी टाकून दिलेल्या क्ष-किरण फिल्मा गोल कापून, मध्यभागी पेटत्या सिगारेटने भोक पाडून, त्यांवर निषिद्ध संगीत कोरून विकले जाई. कोणाच्या तरी बरगड्यांवर जॅझ आणि पुढे रॉक अँड रोल वाजे. परंतु ऐंशीच्या दशकात लेनिनग्राडने निराळा मार्ग धरला. मार्च १९८१ मध्ये रुबिनश्टाइन रस्त्यावरील १३ क्रमांकाच्या इमारतीत रॉक क्लब उघडला, ज्यावर सुरक्षा-खात्याची नजर होती आणि जेथे प्रत्येक गीताची संहिता आधी तपासली जाई. आंद्रेई त्रोपिल्लो यांनी मुलांच्या तांत्रिक छंदकेंद्रातील ध्वनिमुद्रण-वर्गाच्या आडोशाने 'अक्वारियम' आणि 'किनो' या वृंदांचे संगीत मुद्रित केले, आणि त्या फिती प्रतींवर प्रती होत सबंध देशभर गेल्या. 'किनो'चे विक्टोर त्सोई बॉयलरघरात कोळसा ओढीत. चेक भूमिगतांच्या कसोटीने पाहिले तर ही तडजोडच. तथापि या अर्ध्या उघड्या दारातून जी रशियन गीतरचना बाहेर आली तिचा काव्यगुण पाहता ती तडजोड व्यर्थ होती असे म्हणण्यास जीभ रेटत नाही. पूर्व जर्मनीत दार असे अर्धवट उघडे राहिले नाही. लाइपझिगच्या 'रेन्फ्ट' या लोकप्रिय वृंदाच्या तबकड्या सरकारी कंपनीनेच काढल्या होत्या. सप्टेंबर १९७५ मध्ये परीक्षकमंडळाने त्यांना सांगितले की, यापुढे तुमचा वृंद अस्तित्वात नाही. हंगेरीत संस्कृतिखात्याने कलांची वर्गवारीच केलेली होती: पाठिंबा द्यावयाच्या, चालवून घ्यावयाच्या आणि मना करावयाच्या. पोलंड सर्वांत सैल. १९८१ च्या डिसेंबरातील लष्करी कायद्यानंतरही यारोचिन येथील उत्सवात हजारो तरुण जमत. रुमानियातील 'फिनिक्स' वृंदाच्या वादकांनी मात्र १९७७ मध्ये ध्वनिवर्धकांच्या खोक्यांत लपून सरहद्द ओलांडली.

या चळवळीची एक बाजू तिच्या चाहत्यांना क्लेश देणारी आहे, आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या एगोन बाँदी यांच्या कवितांनी प्लॅस्टिक पीपलला वाणी दिली, ते गुप्त पोलिसांना माहिती पुरवीत असत, हे राजवट कोसळल्यानंतर दप्तरे उघडली तेव्हा उजेडात आले. कविता त्यामुळे वाईट ठरत नाहीत. पण त्या कोठारांत एकमेकांवर विसंबून बसलेल्या लोकांच्या विश्वासाला किती खोलवर भोके पाडली गेली होती, याची कल्पना येते. दुसरी उपेक्षित बाजू स्त्रियांची. नावे घेतली जातात ती वादकांची आणि कैद्यांची. कार्बन-कागदाच्या थरांवर रात्र रात्र टंकलेखन करणाऱ्या, तुरुंगाच्या दारात पुडके घेऊन उभ्या राहणाऱ्या आणि शंभर माणसे अचानक आल्यावर चूल पेटविणाऱ्या स्त्रिया बहुतेक वृत्तांतांत निनावी राहिल्या आहेत.

नोव्हेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळल्यानंतर असे म्हणण्याची पद्धत पडली की रॉक संगीताने साम्यवाद पाडला. डिसेंबरात हावेल राष्ट्राध्यक्ष झाले, पुढच्याच महिन्यात फ्रँक झॅपा यांचे प्रागमध्ये उत्साहाने स्वागत झाले, आणि ऑगस्ट १९९० मध्ये स्ट्राहोव्हच्या विस्तीर्ण क्रीडांगणावर 'रोलिंग स्टोन्स' वाजले. त्या आनंदात हे विधान स्वाभाविक होते. ते खरे नाही. त्या राजवटी कोसळल्या त्या आर्थिक दिवाळखोरीने, सोव्हिएत नेते गोर्बाचेव यांनी फौजा न पाठविण्याचा निश्चय केल्याने, आणि पोलंडच्या कामगारांपासून लाइपझिगच्या मोर्च्यांपर्यंत अनेक बळांच्या संगमाने. संगीताने जे केले ते निराळे आणि माझ्या दृष्टीने कमी मोलाचे नाही: सत्ता सर्व बाजूंनी घेरून असता काहीशे माणसांनी वीस वर्षे स्वतःचा सूर स्वतःच ठरविला, आणि त्या सुराच्या रक्षणासाठी ज्यांनी एरव्ही एकमेकांकडे पाहिलेही नसते असे लोक एकत्र आले.

या संगीताच्या मूल्यमापनाचे काम मात्र अजून अपुरे आहे. हावेल यांच्या ह्राडेचेक येथील शेतघरातील कोठारात १९७८ मध्ये मुद्रित झालेली 'पॅशन प्ले', जिची संहिता ब्राबेनेत्स यांनी ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांवरील बायबलमधील वचनांतून बांधली होती आणि जी पुढे विल्सन यांनी कॅनडात चालविलेल्या प्रकाशनसंस्थेमार्फत प्रसिद्ध झाली, तिच्याकडे संगीत म्हणून कितीशा समीक्षकांनी पाहिले आहे? ह्लावसा २००१ मध्ये वारले, यिरोउस २०११ मध्ये. त्यांच्या खटल्याची कागदपत्रे संशोधकांना खुली झाली आहेत, त्यांच्यावर नाटके आणि ग्रंथ निघाले आहेत, पण 'पॅशन प्ले'मधील सॅक्सोफोन आणि व्हायोला यांच्या संवादाची, तिच्यातील लांबलचक आणि जड लयीची, जुन्या चेक धर्मसंगीताशी तिचे नाते आहे की नाही याची चिकित्सा अजून संगीताच्या जाणकारांनी हाती घ्यावयाची आहे.